अज्ञात कारागीर, पेण

निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात, गुडघ्यांवर उपचार करून घेतात किंवा शेजाऱ्यांच्या उणिवा काढत बसतात. मी ॲनिमेशन करायला घेतलं. रोह्याच्या शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवली, पोरांच्या वह्यांतले वाकडे आंबे सरळ केले, पण स्वतःचं म्हणावं असं एकही काम केलं नाही, हे निरोप समारंभात हातात नारळ घेताना माझ्या लक्षात आलं. त्या दिवशी सगळ्यांनी माझ्याबद्दल चांगलंच बोलायचं ठरवलेलं असल्यामुळे कोणी ते बोलून दाखवलं नाही. मला मात्र ते लागलं.

विषय शोधावा लागला नाही. मी पेणची. आमच्या आळीत दोन घरं सोडली की तिसरा गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे भोंगा आणि धूर नव्हे. पत्र्याची लांब पडवी, तीत भिंतीला लावलेल्या फळ्या आणि फळ्यांवर ओळीने वाळत बसलेले गणपती. आम्ही पोरं त्या आळीतून हात न हलवता चालायला शिकलो, कारण हात हलला तर कोणाची तरी सोंड जायची. मे महिन्यात शाडूच्या ओल्या मातीचा वास आमच्या उशांनाही येत असे. तो वास पुढे मला कुठेच मिळाला नाही, आणि रोह्याच्या घरात मी कधीकधी मुद्दाम शाडू भिजवून ठेवते हे सांगायला मला लाज वाटत नाही.

त्या मातीपासून डोळ्यांपर्यंतचा मूर्तीचा प्रवास दाखवणारी छोटी फिल्म करायची, एवढंच डोक्यात होतं. बोलणं नको, निवेदन नको. साचा उघडतो, माती बाहेर येते, सुकते, रंगते, आणि शेवटी डोळे. डोळे काढण्याला आमच्याकडे आखणी म्हणतात. कारखान्यातलं ते सगळ्यात अवघड काम. बाकी मूर्ती कितीही सुरेख असो, आखणी फसली की देव मोरीत पाय घसरल्यासारखा दचकलेला दिसतो.

उत्साहाने कागद घेऊन बसले आणि तिसऱ्याच दिवशी मनगट बोलायला लागलं. पडद्यावर कावळा नुसता एका फळीवरून दुसऱ्या फळीवर बसवायचा तर वीस-बावीस चित्रं लागतात. मी हिशेब सोडून दिला आणि आमच्या शाळेतल्या संगणकाच्या सरांना फोन केला. तेही निवृत्त, राहणार कोलाडला. ते स्कूटरवरून आले, माझी चित्रं पाहिली, चहा प्याले आणि म्हणाले, फळ्या, पाट, तांब्या, कावळा हे सगळं तुम्ही कशाला काढता? लोकांनी करून ठेवलंय. घ्या.

आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला मला आवडत नाही, असं मी ताडकन म्हणाले. सर शांत माणूस. त्यांनी लॅपटॉप उघडून दाखवलं. जगात कुठकुठले लोक असतात, ते संगणकावर एखादं स्टूल करतात, एखादा दिवा करतात, पावसाचा आवाज टिपतात आणि सगळ्यांसाठी ठेवून देतात. परवानगी मागायला जावं लागत नाही, परवाना वस्तूलाच चिकटवलेला असतो. काही वस्तूंवर कसलीच अट नसते. काहींवर असते, की बदल करू नका. आणि काहींवर शेअर-अलाइक नावाची अट. घ्या, मोडा, जोडा, हवं तर विकासुद्धा. फक्त तीन गोष्टी करा. मूळ कोणाचं ते लिहा. तुम्ही काय बदललंत ते लिहा. आणि त्यातून तुम्ही जे कराल तेही ह्याच अटीवर पुढच्याला द्या.

माझी पहिली प्रतिक्रिया फारशी थोर नव्हती. फुकट म्हणजे फुकट, वर अटी कसल्या, असं मी म्हणाले. पण काम सुरू झालं तशी त्या अटीतली गोडी कळायला लागली. कोणा परदेशी माणसाचं लाकडी स्टूल घेतलं, पाय कापले, त्याचा पाट केला. तो पाट पुन्हा बाहेर ठेवला, खाली त्या माणसाचं नाव, त्याखाली माझं आणि 'पाय काढले' अशी नोंद. दोन महिन्यांनी पाहते तर कोणीतरी माझ्या पाटाला रांगोळीची किनार काढून तो पुढे ठेवलेला. शेजारून आलेली वाटी रिकामी परत करायची नाही, एवढंच तर हे होतं. फक्त शेजार फार लांबचा होता.

सर मात्र परवान्याच्या बाबतीत सोवळ्यातले. मला एक सनई सापडली होती, ऐकताना अंगावर काटा यावा अशी. तिच्यावर 'बदल नको' अशी अट होती. मी म्हटलं, मी फक्त मधला तुकडा घेणार आहे. सर म्हणाले, तुकडा करणं हाच बदल. मी एक दिवस त्यांच्याशी बोलले नाही. मग सनई काढून टाकली आणि त्या जागी नुसता कावळ्याचा आवाज ठेवला, आणि फिल्म सुधारली. हे मी सरांना अजून सांगितलेलं नाही.

राहिली मुख्य मूर्ती. ती मला स्वतः करायची होती, पण संगणकावर माती मळायला मला जमेना. तेव्हा एके दुपारी, धाटावच्या कंपनीची शिफ्ट सुटून रस्त्यावर मोटारसायकली सुरू झाल्या होत्या त्या वेळी, मी त्याच फुकट वस्तूंच्या संग्रहात पेण आणि गणेश असे दोन शब्द टाकले. पाच-सहा वस्तू आल्या. चौथी बघून मी खुर्चीतून उठलेच.

खऱ्या मूर्तीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून संगणकाकडून ती पुन्हा उभी करतात, तसं केलेली ती मूर्ती होती. वीतभर उंचीची असावी. बोटाने फिरवली की फिरायची. मी तिचा उजवा कान पाहिला. कानाची कड आत वळवलेली, अंगठ्याने, एकाच दाबात. असा कान आमच्या आळीत एकच माणूस करायचा. आमच्या परसाला ज्यांच्या कारखान्याची मागची भिंत लागून होती, ते काका. माझं बालपण त्यांच्या फळ्यांखाली गेलं. तो कान मी झोपेतही ओळखीन.

खाली माहिती होती. ही मूर्ती घरात आजोबांपासून आहे, देश सोडताना त्यांनी नेली, पाण्यात न सोडता ठेवली, असं ठेवणाऱ्या मुलीने लिहिलं होतं. परवाना शेअर-अलाइक. आणि मूळ कर्त्याच्या जागी तीन अक्षरांचा अपमान, 'अज्ञात', त्यापुढे 'कारागीर, पेण'.

माझं डोकं फिरलं. अज्ञात? आळीला विचारा, पेणला विचारा. त्या मुलीचा काही दोष नव्हता हे आता कळतं, पण त्या क्षणी मी तिला मनातल्या मनात बरंच बोलले. गणपतीवर कोणी सही करत नाही. दहा दिवसांनी जे पाण्यात जायचं त्यावर नाव घालून काय करायचं, असा आमच्याकडचा साधा विचार. लोक म्हणत, यंदा गणपती अमक्यांच्या कारखान्यातला. बस्स, तेवढंच नाव. आणि काकांचं तेवढंही उरलेलं नव्हतं. पुराच्या साली पाणी पडवीत शिरलं आणि त्यांचे सगळे साचे भिजून फुटले. मुलाने दुसरा धंदा धरला. पडवीत आता गाड्या उभ्या असतात. चाळीस वर्षं केलेल्या कामापैकी एकही वस्तू जगात नाही, असं तो म्हातारा माणूस हसत सांगायचा. आणि इथे एक होती. तिच्याखाली त्यांचं नाव यायलाच हवं होतं, आणि ते ऐकायला काका आहेत तोवर यायला हवं होतं. त्यांना नव्वदी जवळ आली होती.

मी त्या मुलीला लिहिलं. दोन दिवसांत उत्तर आलं, फार सभ्य. कर्त्याचं नाव कळलं तर आमच्या घरात सगळ्यांना आनंद होईल, तुमची खात्री असेल तर लगेच लिहिते. मी सरांना म्हटलं, झालं काम. सर म्हणाले, खात्री आहे ना? मी म्हटलं, कान ओळखलाय मी. सर म्हणाले, बाई, तिथे 'मला वाटतं' असं लिहायला जागा नाही. कोण कर्ता हे एकदा लिहिलंत की ते त्या मूर्तीबरोबर जगभर फिरणार. आधी विचारून या.

माणूस बरोबर असला की मला त्याचा जास्त राग येतो. पण दुसऱ्या दिवशी सरांकडून टॅब मागून घेतला आणि सकाळची एसटी धरली. भिसे खिंड उतरली, नागोठणं गेलं, वडखळला नेहमीसारखी गाडी अडकली. शेजारच्या बाईने पेणला कोणाकडे म्हणून विचारलं, तर मी 'माहेरी' म्हणून गेले. माहेर म्हणायला तिथे आता काही नाही. लग्न मी केलंच नाही, त्याची कारणं इथे लिहिण्यासारखी नाहीत. वडील गेल्यावर घर विकलं आणि आईला रोह्याला माझ्याकडे आणलं, त्यालाही बरीच वर्षं झाली. तरी पेणच्या स्टॅंडवर उतरलं की पाय आपोआप आळीकडे वळतात.

आळीत आता दुमजली इमारती झाल्या आहेत. कारखाने आहेत, पण आत रंग फवाऱ्याने देतात आणि रेडिओच्या जागी मोबाइल वाजतो. पूर्वी ह्याच वाटेने संध्याकाळी माझे वडील शाळेतून परत यायचे. तेही चित्रकलेचेच शिक्षक. प्रत्येक पडवीशी थांबून, मागे हात बांधून, सोंडेचं वळण कुठे चुकलं ते सांगायचे. त्यांना कोणी विचारलेलं नसायचं. कारागीर ऐकून घ्यायचे, कारण मास्तरांचा मान होता. हात माझ्याकडे त्यांच्याकडून आला, असं सगळे म्हणत, मीही म्हणत आले.

काका ओट्यावर उन्हाला बसले होते. मला आवाजावरून ओळखलं. डोळे अधू झालेत, पण भिंग घेऊन पेपर वाचतात. मी टॅब त्यांच्या मांडीवर ठेवला आणि मूर्ती समोर आणली. त्यांनी समोरून पाहिलंच नाही. बोटाने फिरवता येते एवढं कळल्याबरोबर त्यांनी ती फिरवून पाठ समोर घेतली. पाठीवरून खाली पाटाकडे गेले. तोंड काय, सगळेच चांगलं करतात, माणूस पाठीवर कळतो, असं ते पूर्वीही म्हणायचे. भिंग काचेवर टेकवून ते इतका वेळ पाहत राहिले की मला वाटलं डुलकी लागली.

मग म्हणाले, कान माझा हाय. एवढंच. मला रडू यायला लागलं आणि मी ते येऊ दिलं.

मी त्यांना सगळं समजावलं. मूर्ती कुठे आहे, कोणी ठेवली, कोणालाही घेता येते, बदलता येते, फक्त मूळ कोणाचं ते लिहावं लागतं आणि बदललेलं पुन्हा तसंच द्यावं लागतं. त्यांना त्यात नवल वाटलं नाही. हे आमच्याकडं व्हतंच की, म्हणाले. ही मूर्ती ज्यातून काढली तो साचा त्यांचा नव्हताच. पलीकडच्या आळीतल्या एका म्हाताऱ्या कारागिराचा होता. कोणाचा साचा मागून आणला आणि मूर्तीत काही सुधारलं, तर सुधारलेली पहिली मूर्ती मूळ मालकाकडे न्यायची आणि त्याला हवा तर तिचा साचा काढू द्यायचा, अशी रीत होती. काकांनी कान बदलला, सोंड जरा आखूड केली आणि पहिली मूर्ती त्या म्हाताऱ्याला दाखवून आले. त्याने कान घेतला, सोंड नाही घेतली. हे सांगताना काका अजूनही जरा रुसलेले वाटले.

तेव्हा साच्यासाठी त्या म्हाताऱ्याचं नाव आणि मूर्तीसाठी तुमचं, असं मी कागदावर लिहून घेतलं. काका म्हणाले, नाव कशाला गो. मी हट्टाला पेटले. म्हटलं, तुमचं कुठेच काही राहिलेलं नाही, हे तरी राहू द्या. त्यांनी पुन्हा भिंग उचललं. आता मात्र मूर्तीचं तोंड समोर घेतलं, जवळ आणलं, आणखी जवळ.

"लिहायचंच तर सगळं लिही," ते म्हणाले. "डोळं माझं नाय. डोळं तुझ्या आईचं हाय."

मी म्हटलं, कोणाचे?

मग त्यांनी सांगितलं, आणि सांगताना दोनदा आत बघून घेतलं, जणू कोणी ऐकेल. माझ्या लहानपणी पाच-सहा हंगाम माझी आई दुपारी त्यांच्याकडे आखणीला यायची. वडील शाळेत, आम्ही शाळेत. परसातलं मागचं दार उघडून यायची, काकूंजवळ बसायला म्हणून. त्यांचा आखणीवाला एका वर्षी आजारी पडला, काकूंनी सहज ब्रश दिला, आणि तिने पहिल्याच मूर्तीला असे डोळे काढले की कारखान्यातले चौघंही उठून बघायला आले. मास्तरांची बायको, जमिनीवाल्या घरातली सून, कारखान्यात काम करते हे कळलं असतं तर आळीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती. म्हणून कोणी बोललं नाही. पैसेही तिने कधी घेतले नाहीत. घेतले असते तर ते काम झालं असतं. घेतले नाहीत म्हणून ती मदत राहिली.

वडिलांना ठाऊक होतं का, मी विचारलं. काका हसले. मास्तर एका संध्याकाळी पडवीशी थांबले, मागे हात बांधून, आणि बराच वेळ काही चूक सापडेना. शेवटी म्हणाले, ह्या डोळ्यांत भाव आहे, कोणाकडून आखून घेतलेत? काका म्हणाले, हाय एक कारागीर. मास्तर म्हणाले, त्याला सोडू नका.

परतीच्या गाडीत मला खिडकी मिळाली, पण बाहेर काय होतं ते सांगता येणार नाही. मी चिडले होते. वडिलांवर, आईवर, त्या आळीवर आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. काखेत कळसा आणि गावाला वळसा. कान ओळखला मी, मोठी चित्रकलेची बाई, आणि त्याच मूर्तीच्या चेहऱ्याकडे इतके दिवस बघत होते. आईला रांगोळी काढतानासुद्धा मी फारसं पाहिलं नव्हतं. ती कशी काढायची, ठिपक्यांची की मुक्त, हेही मला आठवेना. आठवत होतं ते एवढंच, की शाळेतून यावं आणि खायला तयार असावं.

घरी आले तेव्हा संध्याकाळ होत होती. आई भिजवलेले कडवे वाल सोलत बसली होती. सालं एका बाजूला, बिरड्या एका बाजूला. ती ऐंशी ओलांडलेली आहे, कानाने थोडी कमी, बाकी माझ्यापेक्षा ठणठणीत. मी चप्पलसुद्धा काढली नाही, तशीच विचारलं की तू काकांकडे आखणी करायचीस का.

"मी कुठली गो? मी आपली बसाय जायचे," ती म्हणाली, आणि हातातला वाल सोलत राहिली.

मी टॅब तिच्यासमोर धरला. तिने पदराला हात पुसले. मूर्ती कुठली, कोणाची, टॅबमध्ये कशी आली, काही विचारलं नाही. फक्त पाहिलं. मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ह्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखलं, कारण शाळेत स्वतःची वही परत मिळाल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर ते येतं.

"डावा चढलाय," ती म्हणाली.

मला तर दोन्ही डोळे सारखेच दिसत होते. तिने बोट ठेवून दाखवलं. डाव्या डोळ्याची वरची रेघ शेवटाला तांदळाच्या टोकाएवढी वर गेली होती, आणि एकदा दिसल्यावर मग दुसरं काही दिसेना. त्या दिवशी शाळा लवकर सुटली होती, ती सांगू लागली. आळीच्या तोंडाशी वडिलांचा आवाज ऐकू आला आणि तिचा हात हलला. ब्रश तसाच टाकून ती मागच्या दाराने घरी पळाली. उद्या ओल्या फडक्याने रेघ काढून पुन्हा आखू, असं मनाशी ठरवलं. दुसऱ्या दुपारी गेली तर फळीवर ती जागा रिकामी. परगावी जाणारं कोणी गिऱ्हाईक सकाळी येऊन मूर्ती घेऊन गेलं होतं. काकांना चूक दिसली नव्हती, काकूंनाही नाही. तिला मात्र ती मूर्ती पुढे कित्येक वर्षं झोपताना आठवायची. कोणाच्या तरी घरात देव तिरका बघतोय आणि तो आपल्यामुळे, असं वाटायचं.

"आणि तू हे कोणालाच सांगितलं नाहीस," मी म्हटलं.

"कुणाला सांगू? व्हतंच कुठं काय सांगण्यासारखं."

मग तिने विचारलं, ह्याच्यात सुधारता येतं का. मी सांगायला लागले की येतं, कोणालाही येतं, घेणाऱ्याने बदलावं म्हणूनच ते ठेवलेलं असतं. ती म्हणाली, कोणालाही म्हणजे मलाही? तिचं स्वतःचं काम, आणि ते दुरुस्त करायचा हक्क तिला एका अनोळखी मुलीने घातलेल्या अटीतून मिळत होता. पण मिळत होता. मी म्हटलं, तुलाही.

ह्या मूर्तीबरोबर रंगांचं एक वेगळं चित्र येतं, संत्र्याची साल एका तुकड्यात सोलून ताटात पसरावी तसं. त्यातला डोळ्यांचा भाग मी मोठा करून दिला. टॅबवर लिहायची काठी तिच्या हातात दिली. तिने ती ब्रशासारखी धरली, अगदी टोकाजवळ, आणि डाव्या हाताची मूठ करून तिच्यावर उजवं मनगट टेकवलं. मी माझ्या विद्यार्थ्यांना हे कधी शिकवलेलं नाही, कारण मला ते कोणी शिकवलं नव्हतं. तिने श्वास धरला. पहिली रेघ फसली. मी बटण दाबून ती मागे घेऊन दाखवली, तर तिला ते आवडलं नाही. असं पुसता यायला लागलं तर हात कधी तयार व्हायचा, म्हणाली. दुसरी रेघ तिने एका दमात, कुठेही न थांबता, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नेली आणि काठी खाली ठेवली.

मी मूर्ती पुन्हा उभी करून समोर आणली. गणपती खाली बघत होता, नीट, दोन्ही डोळ्यांनी. वाल तसेच राहिले. मला आईच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला आणि मी ठेवला, आमच्याकडे अशी पद्धत नाही तरी.

मग मी तो सुधारलेला गणपती पुढे ठेवण्यासाठी माहिती भरायला घेतली. साच्यासाठी त्या म्हाताऱ्याचं नाव. मूर्ती आणि कान, काकांचं. फोटो काढणाऱ्या मुलीचं. परवाना, मूळ होता तोच. काय बदललं ह्या जागी मी लिहिलं, 'डावा डोळा खाली घेतला.' आणि आखणीपुढे मी आईचं नाव टाइप करायला लागले, रेशनकार्डावर आहे ते, वडिलांचं नाव मधे असलेलं.

तिने वाचलं आणि माझा हात धरला. ते नाव तिला लग्नात दिलेलं होतं, तांदळावर अंगठीने लिहून. ती म्हणाली, "हे नको. माझं घाल. गागोद्याचं."

गागोदं तिचं माहेर, आणि तिथलं ते नाव मला ठाऊक होतं. मामा कधीतरी तिला त्या नावाने हाक मारायचे, आणि आम्ही हसायचो. ते कसं लिहायचं, ऱ्हस्व की दीर्घ, हे मी तिला विचारलं, तेव्हा तिनेही जरा आठवावं लागल्यासारखं केलं. मग हळूहळू एकेक अक्षर सांगितलं. मी साठीला आलेली बाई. आईचं नाव पहिल्यांदा लिहीत होते.